बिननावाची बटणं

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनने वाचून दाखवलं. डोळ्यांना त्रास नको म्हणून हल्ली मी त्यालाच कामाला लावलंय. हे उत्तरही त्यालाच सांगून लिहून घेतेय. वळणदार अक्षरासाठी शाळेत सिस्टरांनी माझी बोटं लाल केली होती. हे बघायला त्या नाहीत तेच बरं.

एक तक्रार आहे. दवाखान्याची वेबसाइट तुझ्या कंपनीने बदलली म्हणे. तू केलेली जुनी दिसायला रुक्ष होती, पण मला तोंडपाठ होती. डॉक्टरांची वेळ घेणं, औषधं मागवणं, सगळं माझं मी करायचे. आता फोन नुसता 'बटण, बटण, बटण' म्हणत बसतो. शिंप्याच्या दुकानात बसल्यासारखं वाटतं. अंदाजाने एक दाबलं, तर माझी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळच रद्द झाली.

तुझ्या बाबाला यातलं काही सांगू नकोस. धाकटा असून मला त्याच्याकडे न्यायला टपलाय. आमचं ठरलंय की माझी कामं मला जमतात तोवर मी माझ्याच घरात राहणार. वेळ रद्द झाल्याचं कळलं, की दुसऱ्या दिवशी दारात गाडी उभी राहील.

तब्येत सांभाळ. माझ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आत्या


८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी कामाचं. दवाखान्यात फोन करून तुझी वेळ पुन्हा घेतली आहे, येत्या शुक्रवारी सकाळी.

आता माझ्या पराक्रमाबद्दल. आमच्या धंद्यात सध्या एकच बातमी आहे: हाताने कोड लिहायचे दिवस गेले. मशीनला साध्या भाषेत सांगायचं, ते पान तयार करून देतं. दर थोड्या दिवसांनी नवं मशीन येतं आणि आधीच्याला म्हातारं ठरवतं. मलाही त्याचं कौतुक आहे, खोटं कशाला बोलू? दवाखान्याचं काम काही महिन्यांचं होतं, ते आठवड्यात उरकलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

तुझं पत्र वाचून पान उघडलं. बटणांवर शब्दच नाहीत, फक्त चित्रं आहेत. दिसायला देखणी. पण चित्रामागे फोनला वाचता येईल असं नाव लिहावं लागतं. ते मशीनने लिहिलं नाही आणि मी तपासलं नाही. चूक माझीच.

पण आत्या, वेळ रद्द करायच्या बटणावर भली मोठी लाल फुली आहे. ती तुला दिसली नाही? फोन फक्त सोयीसाठी वापरते म्हणतेस. खरं सांग.

रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. नजरेच्या मधोमध आता धुरकट डाग आहे. कडेकडेने दिसतं. दार, खुर्ची, चहाचं भांडं ओळखते. अक्षरं गेली, चेहरेही गेले. मागच्या खेपेला तुझ्या नव्या कानातल्यांचं कौतुक केलं, ते तू आधी फोनवर सांगितलं होतंस म्हणून. आहे ते टिकवायचं तर इंजेक्शनं वेळेवर हवीत, असं डॉक्टर म्हणतात.

तुझा बाबा वाईट नाही गं. तो मला प्रेमाने नेईल, प्रेमाने खुर्चीत बसवेल आणि प्रेमाने एका कामाला हात लावू देणार नाही. त्याचीच मला धास्ती वाटते. त्याला मी सांगणार आहे, पण नुसतं तोंडाने सांगून तो ऐकायचा नाही. माझं मला जमतं हे त्याच्यासमोर करून दाखवायला हवं. तेवढं ते पान बोलकं कर.

आणि स्वतःला फार कोसत बसू नकोस. जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. रडलेही, पण ते जाऊ दे.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, असे लोक कितीसे असणार, पुढच्या महिन्यात बघू. मी वाद घातला नाही. त्यांच्याच फोनचा पडदा काळा केला, वाचून दाखवणारा आवाज चालू केला आणि म्हटलं, दातांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवा. हेच पान ते रोज गिऱ्हाइकांना मिरवून दाखवतात. बराच वेळ 'बटण, बटण' ऐकल्यावर घाम पुसत म्हणाले, जुनं पान आजच परत लावा.

मग मी मशीनलाच विचारलं, नावं का दिली नाहीस? त्याने अगदी नम्रपणे माफी मागितली. ते आमचीच पानं वाचून शिकलंय गं. इतकी वर्षं आम्ही जो कंटाळा केला, तोच त्याने उचलला. नीट सांगितल्यावर त्याने भराभर नावं दिली. पण या वेळी एकेक बटण मी डोळे मिटून ऐकलं. एकाचं नाव त्याने 'लाल फुली' ठेवलं होतं. मी ते 'वेळ रद्द करा' असं केलं.

नवं पान सोमवारी लागेल. बाबा फोनवर तुझी चौकशी करतात तेव्हा जीभ चावावी लागते. लवकर सांग त्यांना.

तुझी भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या बाबाला बोलावून सगळं सांगितलं. ते ऐकून तो उठून माझ्या कपाटासमोर उभा राहिला, काय काय न्यावं लागेल ते बघत. मी म्हटलं, आधी इथे बस. त्याच्यासमोर पुढच्या इंजेक्शनची वेळ घेतली, औषधं मागवली. मध्येच त्याचा हात पुढे आला, माझ्यासाठी बटण दाबायला. त्याला म्हटलं, हात मांडीवर. लहानपणी बसायचा तसा बसला.

पुन्हा कपाटाकडे गेला नाही. रोज रात्री फोन करीन म्हणाला. मी म्हटलं, एक दिवसाआड कर.

निघताना दारात घुटमळला. मग हळूच त्याने आपला फोन माझ्या हातात दिला. हल्ली त्यालाही अक्षरं बारीक दिसतात म्हणे, तो आवाज त्याच्या फोनवर चालू करून हवा होता. पुढच्या रविवारी शिकायला येणार आहे. तुला सांगू नको म्हणालाय, तेव्हा तुला माहीत नाही असंच वाग.

इकडची काळजी नको. जीव लावला आहेस तसाच लावून ठेव.

तुझी आत्या