पिण्याच्या पाण्यात

विराबीन, ९ जानेवारी १९८९

ती. ब्रॉन्विनताईस,
फर्गसचा सा. न. वि. वि.

बाबांना सांग, मी कॉलेज सोडलेलं नाही, फक्त वकिलीचा नाद सोडलाय. टॅम्सिनला पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाआधी उन्हाळ्याच्या सुट्टीभर गुरांच्या मळ्यावर राबणं सक्तीचं आहे. ती इथं, म्हणून मीही इथं. रोज पाच तास काम, बदल्यात जेवण आणि पत्र्याची खोली. मालकीण मर्लबाईंनी पहिल्याच दिवशी तिच्या हाती आजारी गाई दिल्या, माझ्या हाती घासणी. गुरांच्या पाण्याचे सव्वीस हौद आहेत. मी पाणीखात्याचा प्रमुख आहे असं समज.

संध्याकाळी आम्ही ओढ्याच्या डोहात पोहतो. काल चिखलातल्या झिंग्यानं माझा अंगठा धरला. तेव्हा मी काढलेला आवाज किंकाळीचा नव्हता, टॅम्सिन काही का सांगेना.

बावीस तारखेच्या रविवारी तिला लग्नाचं विचारणार. मग परत जायचंच नाही, दोघांनी इथंच राहायचं. परीक्षा देऊन कुणाचं भलं झालंय?

लोभाचा पहिला हक्कदार,
फर्गस

ब्रिस्बेन, १४ जानेवारी

चि. फर्गस यास अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे. बाबा तुझं नाव काढत नाहीत, फक्त पोस्टमनला रोज फाटकातच गाठतात. लग्नाचं जरूर विचार. टॅम्सिन आम्हाला आवडते. तिला तुझ्यात काय दिसलं, हे कोडं तिचं तिनं सोडवावं. पण तिचं एकच वर्ष उरलंय. स्वतः बुडालास तेवढं पुरे, तिच्या पायाला लोंबकळू नकोस. आणि उन्हात हॅट घाल. आत वाचवण्यासारखं काही असलंच तर वाचेल.

माया आहे म्हणूनच बोलते,
तुझी ब्रॉन्विनताई

विराबीन, २६ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

घात झाला. रविवारी पारा सेहेचाळीसवर आणि डोह आटून गुडघ्याएवढा. मी टॅम्सिनला टेकाडावरच्या, माती खोदून केलेल्या तळ्याएवढ्या टाकीवर नेलं. दोघांच्या अंगाला उन्हासाठी खोबरेल फासलेलं. हे पाणी कुठं जातं, असं तिनं विचारलं. मी खात्याच्या रुबाबात म्हटलं, गुरांना. मधोमध गेल्यावर छाती ठोकून मनातलं सगळं एका दमात विचारलं. ती म्हणाली, "हो, नको."

आता आपल्याकडे 'हो, नको' म्हणजे नकोच, हे शेंबडं पोरही जाणतं. तो 'हो' नुसता समोरच्याचं मन राखायला असतो. मी तिथूनच पाठ फिरवली आणि नाकातोंडात पाणी घेत काठ गाठला.

सोमवारी न्याहारीला नऊ माणसांनी चहा घेतला. चहावर तवंग होता. सगळे पीत राहिले. शेवटी मर्लबाई म्हणाल्या, आज चहाला नारळाचा वास बरा लागलाय. ती टाकी घराची होती, ताई. मी भडकून म्हटलं, प्रेमापुढे चहाची काय मातब्बरी? त्यांनी हातात फावडं दिलं. टाकी उपसायची, गाळ काढायचा. टॅम्सिन एकतीसच्या विमानानं जातेय. मी तिच्याशी बोलत नाही.

या अभाग्यावर लोभ असू दे,
फर्गस

विराबीन, २७ जानेवारी

प्रिय ब्रॉन्विनताई, स. न. वि. वि.

टपालाच्या याच थैलीतून तुमच्या भावाचं पत्र येतंय, म्हणून माझीही बाजू लिहिते. त्यानं एका श्वासात दोन प्रश्न विचारले. लग्न करशील का, आणि कॉलेज सोडून इथं राहशील का. मी क्रमानं उत्तरं दिली. तो थांबलाच नाही.

आता तो माझ्याशी बोलत नाही, फावड्याशी मात्र अखंड बोलतो. मी आपणहून सांगायला जाणार नाही. संसार करायचा तर त्याला थांबून विचारता यायला हवं. पण गाळ काढायची शिक्षा दोघांना होती, आणि माझ्या वाट्याचा गाळ रोज मी पोचण्याआधीच काढलेला असतो. मर्लबाई म्हणतात, पोरगं तापट आहे, पण हौद आरशासारखे ठेवतं. भीती एवढीच, की हा हट्टी गाढव विचारणारच नाही.

तुमची माया मिळावी अशी इच्छा धरणारी,
टॅम्सिन

विराबीन, ३१ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज तिची बॅग विमानात चढवताना विचारलं, मी नको का झालो तुला. ती म्हणाली, "इथं राहायला नको म्हटलं, गाढवा. लग्नाला हो म्हटलं होतं."

वैमानिकानं घड्याळ पाहिलं. म्हणाला, एक जागा रिकामी आहे, येतोस? माझा एक पाय पायरीवर होता. मग वाटलं, ती शिकणार आणि मी तिथं काय करणार? तिच्या वसतिगृहाखाली उसासे टाकणार. म्हणून भाषण न देता सांगितलं, तू शिकून ये. मला हे पाण्याचं काम खरंच आवडतं. मला सोडून कुणी जातंय आणि मला राग आला नाही, असं पहिल्यांदाच झालं. ती म्हणाली, डिसेंबरात येते, तोवर दाढी वाढवू नकोस. विमान दिसेनासं होईस्तोवर मी धुळीत उभा होतो.

बाबांना सांग, सून पक्की झाली, वकील मात्र गेला. उत्तरेकडच्या हौदाला गळती लागलीय आणि तिथं चारशे गुरं पाण्याला येतात. तिकडे निघतोय, म्हणून इथंच आवरतो.

लोभ होता तेवढाच ठेव, जास्त मागत नाही,
फर्गस