पालक दोनदा धुतला होता

१८ ऑक्टोबर, शनिवार
दुकानातून, दुपारी

ताई,

काल फोनवर तू सासूबाईंबद्दल म्हणालीस ना, "त्या बाईचं तोंड पुन्हा बघणार नाही," तिथूनच पुढे लिहिते. कशी आहेस विचारत नाही. जेवलीस का, झोपलीस का, तेही नाही. दाजींना नमस्कार सांग. तुझ्या उनचानला माझा पापा दे, आयसीयूच्या काचेच्या बाहेरून का होईना.

इकडे ठीक. ठीक म्हणजे बाबांचं मांसाचं दुकान चालू आहे. सण संपल्यावर गिऱ्हाईक कमी झालंय, पण शुक्रवारी माल आला की मागची जेवणाची सहाही टेबलं भरतात. आपल्या नेहमीच्या कू काकांच्या पायाचा अंगठा युरिक ॲसिडने परत सुजलाय. डॉक्टरांनी कलेजी बंद केली, तर इथे येऊन म्हणतात, "अर्धीच प्लेट दे, म्हणजे अर्धाच अंगठा दुखेल." परवा माझ्या पोस्टरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एवढे फायदे लिहिलेस पोरी, माझा अंगठा कुठे लिहिणार?"

पोस्टर आठवतंय ना तुला? गल्ल्याच्या मागे लावलंय ते. आयर्न, झिंक, बी-ट्वेल्व्ह, प्रोटीन, सगळं रंगीत. न्यूट्रिशनचं एक वर्ष संपलं आणि मला वाटायला लागलं, आख्ख्या गावाची तब्येत आता मीच सुधारणार. उजवीकडे 'कोणी जपून खावं' असा कॉलम आखला होता. तो नंतर भरू म्हटलं. अजून रिकामाच आहे.

बाबांचं काय सांगू. सोमवारपासून मोठं पातेलं चढवून बसलेत. नळीची हाडं आणली, पहिलं पाणी फेकलं, मग दोन दिवस उकळत ठेवली. दुधासारखं पांढरं झालं सूप. वरची चरबी चमच्याने काढत म्हणाले, "तुझी आई ऑपरेशननंतर यावरच उभी राहिली होती. थर्मासात भर, पोराला नेऊन दे."

मी म्हटलं, "बाबा, त्याच्या किडन्या बंद आहेत. हाडांचं सूप त्याला चालत नाही. फॉस्फरस असतो त्यात, मीठ असतं."

"मीठ घातलेलं नाही."

"तरी नाही चालत."

"मग काय चालतं?"

ते चमचा धुवायला वळले. तोच चमचा तीनदा धुतला त्यांनी. पातेल्याखालचा गॅस मात्र बंद केला नाही. अजून चालू आहे.

आता बुधवारचं सांगते. बुधवारी मी हॉस्पिटलमध्ये आले होते. तुला सांगितलं नाही, कारण मी वर आलेच नाही. खाली, जिथे पार्किंगच्या पावत्या देतात, तिथल्या बाकावर तुझ्या सासूबाई बसल्या होत्या. गार्डने सांगितलं, रोज सकाळी येतात, संध्याकाळी जातात. तू वर येऊ नका म्हणालीस, म्हणून वर येत नाहीत. मांडीवर डबा होता, त्यात नाशपातीच्या सोललेल्या फोडी. उनचानला आवडतात म्हणून रोज नव्या कापून आणतात आणि संध्याकाळी परत नेतात.

मला बघितल्यावर सरकून जागा केली त्यांनी. म्हणाल्या, "ये बाळ. ताईला सांगू नकोस हं मी इथे बसते ते. चिडेल ती, आणि चिडायलाच हवं." मग एकदम माझा हात धरला. "त्या किंबापमध्ये भाताबरोबर गुंडाळलेला पालक मी दोनदा धुतला होता गं. अंडंही चांगलं भाजलं होतं. तीनदा धुवायला हवा होता का? तू शिकतेस ना हे सगळं, सांग ना, तिसऱ्यांदा धुतला असता तर हे टळलं असतं का?"

ताई, मी काय केलं माहितीये? नाशपातीची एक फोड उचलून खाल्ली. तोंडात काहीतरी असलं की बोलावं लागत नाही.

किंबापने काही झालेलं नाही. आजीने दिलेला किंबाप उनचानने सोमवारी खाल्ला, शाळेच्या सहलीत. माझ्याकडे तो त्याच्या आधीच्या शुक्रवारी होता.

तुम्ही दोघं घर बघायला गेला होतात, २६ सप्टेंबरला. सणाच्या आधीचा गर्दीचा शुक्रवार. मांसाच्या गिफ्टचे खोके बांधून घ्यायला माणसं रांगेत उभी, बाबा मागे गाडीतून माल उतरवून घेत होते, आणि समोर मी एकटी. पाच नंबरच्या टेबलाला कच्ची कलेजी आणि वजडी हवी होती, ती मी कापून दिली. उनचान स्टुलावर बसून पाय हलवत होता. म्हणाला, "मावशी, मला भूक लागली." कसला पांढरा दिसत होता गं! तूच म्हणाली होतीस, हिमोग्लोबिन कमी आलंय, डॉक्टरांनी मांस द्यायला सांगितलंय. नीट शिजवलेलं, आठवड्यातून दोन-तीनदा, थोडं थोडं. आणि दारात चपला घालता घालता परत मागे वळून म्हणालीस, "सुल्बी, कच्चं काही देऊ नकोस हं त्याला." मी हो म्हणाले. मनात म्हटलं, ताई किती घाबरट आहे, खाटकाची मुलगी असून!

मी त्याला युक्खे करून दिलं, म्हणजे कच्चंच. मागच्या मांडीचं लाल मांस, बारीक चिरून, तिळाचं तेल घालून, वर नाशपाती. बाबांची लाल मुठीची सुरी पोटाआतड्याच्या मालासाठी आणि पांढऱ्या मुठीची चांगल्या मांसासाठी. आपण दोघी चालायला लागलो तेव्हापासून ऐकतोय हे. पांढरी सुरी मागे बाबांकडे होती. मी लाल सुरी फडक्याला पुसली आणि त्याच सुरीने, वजडीच्याच फळीवर, त्याचं मांस चिरलं. म्हटलं, आजचंच आहे, ताजं आहे. आपल्या घरात 'ताजं' म्हटलं की पुढे कोणी काही विचारतच नाही.

जंतूला ताजं-शिळं कळत नाही, ताई. तो जनावराच्या आतड्यातच राहतो. शिजवलं की मरतो, साधी गोष्ट. माझ्या पुस्तकात आहे ते, लहान मुलांच्या किडन्यांचंही त्याच पानावर आहे. मी ते पान पिवळ्या पेनने रंगवलंय. परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क आहेत मला.

तो म्हणाला, "थंडगार आहे!" आणि सगळं संपवलं. दंड वाकवून दाखवला. "आता मी आजोबांएवढा स्ट्राँग?" मी व्हिडिओ काढला, चौदा सेकंदांचा. तुला पाठवणार होते, त्याच्या गालांवर लाली आली की. चार दिवसांत त्याचं पोट दुखायला लागलं, मग शीमधून रक्त. आणि तू फोन करून विचारलंस, "तू काय काय दिलंस त्याला?" मी म्हटलं, "समुद्री शेवाळाचं सूप, मांस घालून. चांगलं उकळलेलं." ते पण दिलं होतं. म्हणून ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

त्यानंतर रोज ठरवत होते, उद्या सांगेन. मग तू म्हणालीस किंबाप. मग दाजी म्हणाले किंबाप. बाबांनीही मान हलवली. आणि मी गप्प राहिले. तेरा दिवस तो त्या डायलिसिसच्या मशीनवर आहे आणि तेरा दिवस तुझ्या सासूबाई त्या बाकावर.

आज सकाळी तुमच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ताईला आधी मी सांगते, मग तुम्ही बोला, एवढंच मागितलं त्यांच्याकडे. ते शांतपणे लिहून घेत होते. म्हणाले, "उपचार आता बदलणार नाहीत, पण सांगितलंत ते बरं केलंत." किडन्या परत चालू होतील का विचारलं, तर म्हणाले, वाट बघू. पाच नंबरच्या लोकांनाही फोन केला, त्यांच्यापैकी कोणाला काही झालेलं नाही. बाबांना जेवायच्या आधी सांगितलं. त्यांनी लाल मुठीची सुरी कागदात गुंडाळली आणि कपाटात वर ठेवली, आई गेल्यावर तिचा चष्मा ठेवला होता ना, तिथे. मग पातेल्यापाशी जाऊन बसले.

मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटत. व्हिडिओ डिलीट करायला गेले, तर त्यात तो हसतोय. किती दिवसांत मी त्याचं हसणं ऐकलेलं नाही.

माफी मागत नाहीये. तू देऊ शकणार नाहीस आणि दिलीस तरी मी ती कुठे ठेवू? पोस्टर आत्ताच काढलंय. कॉलेजमध्ये अजून कोणाला माहीत नाही. ते जाऊ दे.

हे पत्र दाजींच्या दुकानातल्या पोराकडे देतेय, संध्याकाळपर्यंत मिळेल तुला. उद्या सकाळी सासूबाई परत त्या बाकावर येतील, डबा घेऊन. त्यांना मला स्वतःला सांगायचंय, त्यांच्या समोर बसून, तोंडात काही न घालता. पण त्या तुझ्या सासूबाई आहेत, उनचान तुझा आहे, आणि मला आता माझ्या कुठल्याच निर्णयावर भरवसा नाही. म्हणून विचारते. तू आधी खाली उतरून त्यांना वर घेऊन जाशील, की मी आधी येऊन सांगू? तुला काय वाटतं, ताई?

तुझीच, अजून तसं लिहू शकते का?
सुल्बी