बुटक्याच्या टाकीचं झाकण

२७ जानेवारी २०२५, सोमवार

आमचा बुटका ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला! घरून निघाला, गावाच्या टोकाच्या निंबापर्यंत गेला, आणि खोकून गप्प. जेमतेम दहा मिनिटं. झाकण उघडून टाकीत पाहिलं — डिझेल गळ्यापर्यंत. झाकण लावून पुन्हा सेल मारला तर लगेच सुरू! वळवून घरी आणला. दोन वर्षं हाच तमाशा चाललाय. कंटाळून शेडात उभा करून ठेवला होता. या वर्षी नाही ठेवणार.

बहार फुटायला लागलाय. आठवड्याभरात संत्र्याचा सगळा बगिचा पांढरा होईल आणि फार तर दहा-बारा दिवस टिकेल. बायकोनं, केसरनं, दोन बहार पाहिलेले नाहीत. खुब्याच्या ऑपरेशनपासून तिला मोटरसायकलवर बसवत नाही. शेताकडच्या अरुंद पांदणीत कार शिरत नाही. बैलजोडी विकली त्याला नऊ वर्षं झाली. लोकांच्या मोठ्या ट्रॅक्टरवर तिला चढवायचं तर क्रेन लागेल. बुटका मात्र तिच्या कमरेएवढा. मडगार्डवर उशी टाकली की राणी बसली!

तिला बहार दाखवायचा आहे. बस.

२८ जानेवारी

वीरेंद्रचा नागपूरहून फोन. "बाबा, भंगारात द्या तो डबा. मी नवा घेऊन देतो." पोरगा मनानं चांगला आहे, पण घाई फार. म्हटलं, "बापू, बुटका तुझ्यापेक्षा एकच वर्ष लहान आहे. सदतीस वर्षांच्या माणसाले भंगारात देतात का?" हसला. "मग दुरुस्त तरी नीट करा," म्हणाला.

तेच तर करतोय!

३० जानेवारी

डिझेलची नळी काढली तर हातात तुकडेच आले. रबर पार कडक, ठिकठिकाणी चिरलेलं. फिल्टरमध्ये काळा गाळ, बोटभर. सापडला एकदाचा रोग! मला इतका आनंद झाला की नळीचा तुकडा घेऊन केसरला दाखवायला ओसरीवर गेलो.

तिनं पाहिलं आणि म्हणाली, "काहून जीव काढून राहिले? मले नाई पाहाचा बहार. फुलं का पयले पाह्यले नाईत?"

वाईट वाटलं. ज्या बाईनं बगिच्यातलं एकेक कलम हातानं लावलं, ती असं बोलते.

१ फेब्रुवारी, शनिवार

नवी नळी, नवा फिल्टर. लाइनमधली हवा काढली. तेवढ्यात केसर वॉकर टेकत शेडात आली. दर शनिवारी येते. शेजारच्या वत्सलाबाई जामसांवलीला जातात आणि मारुतीचा शेंदूर हिच्यासाठी आणतात. तो तेलात कालवून ही बुटक्याच्या टाकीच्या झाकणाला लावते. घेतला त्या सालापासूनचा नेम. मीही हात जोडले. मारुतीराया, निंबाच्या पुढं जाऊ दे.

निंबापाशी बंद.

४ फेब्रुवारी

पंप काढून पिशवीत घातला आणि सौसरला श्रावण मिस्त्रीकडे गेलो. पूर्वी तो घरी येऊन काम करायचा, आता गुडघे धरलेत. पंप खोलून म्हणाला, "भिवाजीभाऊ, वायसर गेले. किट टाकून देतो." चहा पाजला. मग हळूच विचारतो, "चक्कर-बिक्कर येत नाई ना आता?"

केसरनं तिकडेही सांगितलेलं दिसतं!

इथं कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत, विहिरीजवळ बुटक्यावर असताना डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं स्टिअरिंगवर आणि बुटका बांधाला टेकलेला. विहीर पाच-सहा हातांवर. केसर तेव्हा काठीवर चालायची, झाडाखाली बसली होती. तिनं सगळं पाहिलं. डॉक्टरनं गोळी लावून दिली, त्यानंतर एकदाही अंधारी आलेली नाही. पण तिनं माझ्याकडून शब्द घेतला की एकट्यानं ट्रॅक्टर चालवायचा नाही. दिला शब्द! द्यायला काय जातं? पुढच्या आठवड्यातच एकटा गेलो. तीन-चारदा गेलो. मग बुटक्याला ही बंद पडायची खोड लागली आणि माझा शब्द आपोआप पाळला गेला.

६ फेब्रुवारी

पंप बसवला. निंब. बंद. आज त्या निंबाला शिवी दिली.

७ फेब्रुवारी

पायी बगिच्यात जाऊन आलो. बहार भरात आलाय. एक डहाळी खिशात घालून आणली. केसरनं नाकाशी धरली ती बराच वेळ. "बारीक आलं फूल यंदा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. जेवताना पाहिलं तर डोळे लाल. मला नाही पाहायचा बहार म्हणे!

तिच्यासाठी जीव तुटतो माझा. तोंडानं कधी सांगितलं नाही. लग्नाला छप्पन्न वर्षं झाली, आता सांगितलं तर म्हणेल, ताप आला का.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!

सकाळी निंबापाशी बंद पडला तेव्हा झाकण न उघडता आधी खाली वाकून पाहिलं. नवी नळी चपटी झालेली — आतून कोणी ओढून धरल्यासारखी. झाकण उघडलं तर फुस्स आवाज आला, आणि नळी पुन्हा फुगली. तिथूनच श्रावणला फोन लावला. तो म्हणतो, "अरे भाऊ, टाकीले श्वास भेटते का? झाकणाचं भोक पाहा."

भोक? झाकणावर शेंदराचा थर, वाळून दगड झालेला. पाना घेऊन खरवडला. मध्ये बारीक भोक निघालं आणि भोकात वळलेली कापसाची वात! हवा आत जायला जागाच नाही. डिझेल खाली ओढलं जातं, टाकी कोंडते, इंजिन उपाशी मरतं. मी झाकण उघडलं की श्वास मिळतो आणि बुटका पुन्हा दहा मिनिटं जगतो. नळी, फिल्टर, पंप — सगळं बदललं, आणि दुखणं होतं डोक्यावर!

आधी एकटाच हसलो रस्त्यात. मग हसू थांबलं. बिचारीनं भक्तीनं शेंदूर लावला, पूजेतली वात त्यात अडकली असेल, आणि तिच्याच हातानं तिचा बगिचा बंद झाला. हे तिला कळलं तर ती स्वतःला माफ करणार नाही. सांगणार नाही. कधीच नाही. तिच्या डब्यातली सुई आणून भोक साफ केलं. बुटका बगिच्यापर्यंत जाऊन आला!

११ फेब्रुवारी

गेलो दोघं.

निघताना विचारते, "आता थांबत नाई का रस्त्यात?" म्हटलं, "नाही. पंपाचं किट टाकलं ना." बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. वाटलं, खोटं पकडलं. पण बसली. एक हात मडगार्डला, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरलेला. इतका घट्ट की संध्याकाळी वळ दिसले. "भेव वाटते का?" म्हटलं. "समोर पाहा," म्हणाली.

पांदणीच्या वळणावरच वास आला. आत गेल्यावर पहिल्या ओळीतल्या झाडाला हात लावून उभी राहिली. फुलं डोक्यावर पडत होती, मधमाश्या घोंगावत होत्या. ती रडायला लागली. मीही रडलो, का लपवू. म्हणाली, "दोन बहार गेले माहे." मी म्हटलं, "आता एकही नाही जाणार."

सरकीचा हलवा केला होता तिनं. डब्यातून दोघांनी खाल्ला. परत येताना निंबापाशी बुटका थांबला नाही. मी निंबाला रामराम केला.

१३ फेब्रुवारी

आज एकटाच चक्कर मारून आलो. ती झोपली होती. ठिबकची नळी पाहायची होती. काही झालं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केसर पूजा करून घरात गेली आणि मी हळूच बुटका काढला. निंबापाशी बंद.

झाकण पाहिलं. ताजा शेंदूर. पुसला. भोकात पांढरीशुभ्र नवी वात.

बुटका तिथंच सोडून चालत परत आलो. केसर वॉकर धरून फाटकात उभी होती. "परवा एकटेच गेले होते ना? चाकाले चिखल होता," म्हणाली. मग म्हणाली, "घेतला तवा श्रावणभाऊनं सांगतलं होतं, वयनी, हे भोक सोडून शेंदूर लावजा. तुमी विसरले. मी नाई."

म्हणजे पस्तीस वर्षं ती भोक सोडून लावत होती. विहिरीच्या त्या दिवाळीपर्यंत.

मी म्हटलं, "अवं पण तुहा बगिचा? तूही दोन वर्षं—"

"तुमी विहिरीत गेले असते तं मी कोणाचा बगिचा पाह्यला असता?"

निंबापाशी परत गेलो. वात काढून बुटका घरी आणला. शेडात लावल्यावर पुन्हा भोकात बसवली. मीच.