सल्लामसलतीचं कलम

मरीन परेड, सिंगापूर
४ मार्च

ती. अण्णांस,
मधुमतीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मीनलताईंनी फोटो काढून पाठवलं. खालच्या मजल्यावरून बिचाऱ्या जिना चढून येतात आणि तुम्ही त्यांना चहासुद्धा विचारत नाही, अशी तक्रार आली आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, यंत्र कानात घालायचं नाही, त्यामुळे या वयात मला ऱ्हस्वदीर्घ सांभाळत बसावं लागतं.

इकडे ठीक. लेकीला, श्रियाला, अभ्यास झाला का विचारलं, की इथल्या इंग्रजीत 'कॅन, लाह', म्हणजे 'होईल गं', म्हणून दार लावून घेते. तिची मराठी आता फक्त भूक लागल्यावर निघते.

प्रसन्नचं जहाज परवा आखातात शिरलं. त्याने तुम्हाला कळवलं असेलच. काळजी करू नका. ते जिथे तेल भरणार त्या राज्याने मागच्याच वर्षी मोठ्या मित्रराष्ट्राशी संरक्षण करार केलाय. तेल यांचं, पहारा त्यांचा. मित्राच्या युद्धनौका तिथेच उभ्या आहेत. मी दिवसभर हेच वाचते. कुठल्या समुद्रात जावं आणि कुठल्या नाही, हे जहाजमालकांना सांगायचं, हीच माझी नोकरी.

कंटाळा मात्र फार आलाय, अण्णा. रॅफल्स प्लेसला उतरून लिफ्टने वर पोचेपर्यंत कुठल्या तरी दोन देशांचे मंत्री मिठ्या मारून मोकळे झालेले असतात, आणि त्या मिठीचा अर्थ मला दुपारच्या आत दोन पानांत लिहायचा असतो.

गोळ्या वेळेवर घ्या. रागवा, पण लिहीत राहा.

तुमची,
मधुमती


पुणे
८ मार्च

चि. सौ. मधुमतीस,
अनेक आशीर्वाद.

मीनलला चहा विचारला की ती तासभर बसते आणि मला तिचं निम्मं ऐकू येत नाही. मान हलवून माझीच मान दुखते. तरी आज विचारला. प्यायली. बसली.

प्रसन्नचा निरोप आला होता. सेकंड इंजिनियर झाल्यापासून तुझ्या भावाचे निरोप आणखी आखूड झालेत.

तू लिहिलेल्या कराराबद्दल एक विचारतो. आखातातल्या त्या तेल कंपनीच्या कचेरीत मी एकोणीस वर्षं लघुलेखक होतो, हे तू जाणतेसच. कंपनीचे, सरकारांचे किती करार माझ्या बोटांखालून गेले त्याला गणती नाही. मजकूर मी विसरलो, पण एक सवय लागली. आधी क्रियापद बघायचं. हल्ला झाला तर दोन्ही बाजू 'संरक्षण करतील' असं लिहिलंय, की 'सल्लामसलत करतील' असं? पहिलं असेल तर कोणीतरी येतं. दुसरं असेल तर बैठक भरते.

तेवढं पाहून कळव. म्हाताऱ्याचा चाळा समज.

श्रियाला म्हणावं, आजोबांना मराठीत चार ओळी लिही, चुका चालतील.

अण्णा


मरीन परेड, सिंगापूर
२० मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रसन्न सुखरूप आहे, हे आधी. काल त्याचा दोन ओळींचा निरोप मिळाला, तुम्हालाही मिळाला असेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी बारा दिवस टाळलं. क्रियापद 'सल्लामसलत' हेच आहे.

मंगळवारी तेलाच्या धक्क्यावर हल्ला झाला. एका ड्रोनचा तुकडा प्रसन्नच्या जहाजाच्या मागच्या भागावर पडला, स्वयंपाकघराच्या बाजूला. श्रीनिवास म्हणून स्वयंपाकी आहे, दापोलीकडचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मित्रराष्ट्राच्या युद्धनौका त्याच संध्याकाळी खुल्या समुद्रात निघून गेल्या. करारानुसार सल्लामसलत चालू आहे, असं त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नाही. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, तेल तिसऱ्याचं. माणसं तेवढी आपली. दिल्लीने नावांची यादी मागवली आहे. जहाज नांगर टाकून उभं आहे, बाहेर पडायला कोणी परवानगी देत नाही.

आता खरं सांगते. त्या जहाजाचा मालक आमचं गिऱ्हाईक आहे. फेब्रुवारीत त्याने विचारलं होतं, आत जावं का. कुठलं जहाज जाणार, त्यावर कोण आहे, हे आम्हाला सांगत नाहीत. ते टिपण मी लिहिलं. पहिल्या खर्ड्यात हे कलम होतं. पहारा शब्दापुरताच आहे, यावर विसंबू नये, असं मी स्पष्ट लिहिलं होतं. आमचे प्रबोधसाहेब म्हणाले, की गिऱ्हाइकाला व्याकरण नको, हो की नाही तेवढं हवं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. अर्धा तास भांडले असते तर ते कलम राहिलं असतं. शुक्रवार होता, मी दमले होते, घरी जायचं होतं. मी तो परिच्छेद काढला आणि 'प्रवेशास हरकत नाही' असं लिहून घरी जाणाऱ्या मेट्रोत जाऊन बसले.

घराच्या खिडकीतून समुद्रात उभी जहाजं दिसतात. हल्ली पडदा ओढून ठेवते. श्रियाने कारण विचारलं नाही, पण काल स्वतःहून चहा करून दिला.

प्रसन्नला कसं सांगू?

मधुमती


पुणे
२३ मार्च

चि. मधुमतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझी चूक नाही असं मी म्हणणार नाही. तसं मी म्हणावं म्हणून तू लिहिलं नाहीस, एवढी तुला ओळखतो.

तुझ्या आईलाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. तिकडे एकदा युद्धाची हवा होती. कंपनीने कामगारांसाठी परिपत्रक काढलं, घाबरण्याचं कारण नाही, कामावर हजर राहावं. ते मी टाइप केलं. त्याच सकाळी साहेबलोकांच्या बायकामुलांच्या विमानाची यादीही मीच टाइप केली होती. दुपारी फाटकापाशी एका मल्याळी शिंप्याने मला गाठलं. तो आमचे गणवेश शिवायचा. बायको गरोदर होती. त्याने विचारलं, की तुम्ही आत बसता, तुम्हाला कळत असेल, जाऊ का राहू? परिपत्रकात होतं तेच मी त्याला सांगितलं. पुढे धावपळीत आम्ही निघालो. त्याचं काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. नावही विचारलं नव्हतं.

नंतर मी पुष्कळ हळहळलो. त्या हळहळीचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून सांगतो, रडून झालं असेल तर दुसरं टिपण लिही. अजून जहाजं आत जात असतील. आणि प्रसन्नला सगळं सांग, सोपं करून सांगू नकोस.

अण्णा


मरीन परेड, सिंगापूर
१६ एप्रिल

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी टिपण लिहिलं. सात ओळी. कराराचं कलम जसंच्या तसं, त्याखाली माझं आधीचं मत चुकीचं होतं हे वाक्य, आणि माझं नाव. प्रबोधसाहेबांना आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच वेळी पाठवलं. साहेब ओरडले नाहीत. डोळे चोळत म्हणाले, की तू बरोबर आहेस, पण आता इथे राहू शकणार नाहीस. महिनाअखेरीस माझा शेवटचा दिवस. आम्हाला इथे कायम राहण्याचा परवाना असल्यामुळे लगेच देश सोडावा लागत नाही, आणि श्रियाच्या बाबांची नोकरी आहे, तेव्हा त्याची चिंता नको.

दोन मालकांनी आपली जहाजं बाहेरच थांबवली. बाकीच्यांनी काय केलं ते कळलं नाही.

प्रसन्नचं जहाज नऊ तारखेला सुटलं. कोणी सोडवलं असं नाही. भांडणारे थोडे दमले, तेवढ्यात वाट मोकळी झाली. त्याला मी सगळं लिहिलं आहे, त्या शुक्रवारसकट. उत्तर नाही. श्रीनिवासच्या घरी पत्र लिहायला चारदा बसले. जमत नाही.

तुमचा शिंपी मनातून जात नाही.

मधुमती


पुणे
३० एप्रिल

ती. ताईस,
प्रसन्नचा नमस्कार.

घरी येऊन आठ दिवस झाले. अण्णा रोज विचारतात, ताईला लिहिलंस का. आज मीनलताईंसमोर विचारलं, म्हणून बसलो.

तुझं पहिलं टिपण मी जहाजावरच ऐकलं होतं. आत शिरण्याआधी कप्तानाने सगळ्यांना जेवणघरात बसवून ते वाचलं आणि म्हणाला, की ज्याला उतरायचं असेल त्याने आत्ता उतरावं. श्रीनिवास उतरणार होता. मे महिन्यात त्याच्या मुलीचं लग्न आहे. मीच त्याला थांबवलं. म्हटलं, माझी बहीण सिंगापुरात हेच काम करते, धोका असला तर हे लोक असं लिहीत नाहीत. ते तूच लिहिलं होतंस हे तुझ्या पत्रामुळे कळलं.

मी रागावलो होतो, ताई. अजून थोडा आहे. पण कुणावर, ते दर दोन दिवसांनी बदलतं. तुझ्यावर, मग त्या प्रबोधवर, मग युद्धनौकांवर. शेवटी त्या जेवणघरात येऊन थांबतो. तिथे तू नव्हतीस, मी होतो.

श्रीनिवासला पत्र लिहू नकोस. त्याच्या घरी या दिवसांत मालकाची, एजंटांची, विमेवाल्यांची पुष्कळ पत्रं आली, सगळी अगदी नम्र. तो आता वाचत नाही, बायको डब्यात ठेवून देते. तू ये. मी गाडी काढतो, दोघं दापोलीला जाऊ. काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही आणि वाटेत ठरवायचंही नाही. लग्नघर आहे, मांडवाची, पाण्याची, शंभर कामं असतील. त्याच्या एका हाताने ती उरकणार नाहीत. त्याने आत घेतलं तर करू. नाही घेतलं तर अंगणात बसू, संध्याकाळपर्यंत.

तिकीट काढलंस की कळव. माया आहे तेवढी आणि राग आहे तेवढा, दोन्ही घेऊन विमानतळावर उभा राहीन.

तुझा,
प्रसन्न