कुठे वाचलं, कोणाबरोबर वाचलं

बाई, या महिन्यात माझी चार पुस्तकं वाचून झाली. एक डाकबंगल्यात सुट्टीला गेलेल्या चौघा भावंडांचं, ज्यात चौकीदार भला की बुरा हे शेवटपर्यंत कळत नाही. एक दीपगृहावर बापाबरोबर राहणाऱ्या मुलीचं. एक सर्कशीतून पळालेल्या जुळ्यांचं. ते मला मुळीच आवडलं नाही, कारण लेखक त्यांना तीन दिवस उपाशी ठेवतो आणि चौथ्या दिवशी त्यांना भूक लागली असेल हेच विसरून जातो. आणि एक वाळवंटात वाट चुकलेल्या तांड्याचं, ते काल संपलं. सगळी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची पुस्तकं. मी एकोणतीस वर्षांची आहे, जिंतूरजवळच्या एका शाळेत शिकवते, आणि शाळेच्या पेटीत नवं पुस्तक आलं की मुलांच्या आधी मीच ते घरी नेते. स्टाफरूममध्ये मध्यंतरी एक बाई म्हणाल्या, “मॅडम, तुम्हाला मोठ्या माणसांची पुस्तकं झेपत नाहीत का हो?” सगळे हसले, मीही हसले. खरं म्हणजे झेपत नाहीत. मोठ्यांच्या कादंबरीत संकट कुठून येतंय ते समजतच नाही. किशोरांच्या पुस्तकात निदान दुसऱ्या प्रकरणापासून चाहूल लागते. रोज भुंकणारं कुत्रं गप्प होतं, ओळखीचा माणूस ओळख न दाखवता जातो. मला अशी चाहूल लागलेली बरी वाटते.

गेले आठ दिवस आमच्या स्टाफरूममध्ये कोणी हसत नाही. रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी लागली तेव्हा हेडमास्तर उठले आणि त्यांनी आवाज बारीक केला. बंद नाही केला, बारीक केला. मग सगळे आपापल्या वह्यांत मान घालून बसले. संध्याकाळची गाडी आली नाही, का आली नाही हे कोणी विचारलं नाही. मी तेवढ्यावरून ओळखलं. मी तेरा वर्षांची असताना आपल्या गावात असंच झालं होतं, आणि तेव्हा मला ओळखता आलं नव्हतं.

तुम्ही गावात आलात तेव्हा मी सहावीत होते. पूर्णेच्या, वडील रेल्वेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीन बाई, एवढंच गावाला कळलं होतं. बाकीचं गावानं दोन दिवसांत शोधून काढलं, आणि मग तुम्हाला खोली मिळाली ती गाव संपतं आणि वस्ती सुरू होते तिथली, गावाचीही नाही आणि वस्तीचीही नाही अशी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. आप्पा मेंढरं राखायचे, आई लोकर पिंजायची, आणि मी घरात पुस्तक उघडलं की आई चुलीपुढून उठून दिवा माझ्याकडे सरकवायची आणि स्वतः अंधारात भाकरी थापायची. तुमच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटली की ती ट्रंक उघडायची. आम्ही पाच मुली, दोन गावातल्या, दोन वस्तीतल्या आणि मी. आमचं घर गावाच्या कडेला, म्हणून मला गावातली म्हणायचं की नाही यावर मुलींचं भांडण व्हायचं. एका पुस्तकाची एकच प्रत. म्हणून एकीनं एक पान मोठ्यानं वाचायचं, मग दुसरीकडे द्यायचं. स्वल्पविरामाला एक श्वास, पूर्णविरामाला दोन, आणि आवाज समोरच्या भिंतीला लागून परत आला पाहिजे, असं तुम्ही सांगायचात. माझा आवाज परत यायचा.

वहीसुद्धा तुमचीच कल्पना. प्रत्येकीची वेगळी, पट्टीनं आखलेली. पुस्तक, कुठे वाचलं, कोणाबरोबर वाचलं, आवडलं का, का आवडलं. पहिल्या महिन्यात मी सगळ्या पुस्तकांपुढे ‘फार छान आहे’ असं लिहिलं. तुम्ही वही परत दिलीत तेव्हा त्या ओळींवर लाल रेघ होती. “हे पुस्तक तुला आवडलं?” मी मान हलवली. “वाचताना चार वेळा जांभई दिलीस. मी मोजल्या.” मुली फिदीफिदी हसल्या. तुम्ही हसला नाहीत. “खोटंच लिहायचं तर शाई कशाला नासायची? या वहीत खरं नाही लिहिलंस तर मला दाखवू नकोस.” मला रडू आलं, पण मी तुमच्यापुढे रडले नाही, आमच्या वाडग्यात जाऊन मेंढरांमध्ये बसून रडले. त्या दिवसापासून मी खरं लिहायला लागले. इतकं खरं, की पान कमी पडायला लागलं. कोणत्या वाक्याला कोणाला शिंक आली, बाईंनी पिठलं केलं होतं, भाकरी चार होत्या, आम्ही पाचजणी एका परातीत जेवलो, वस्तीतल्या धाकटीनं मिरची काढून माझ्या बाजूला सारली. तुम्ही ती वही वाचून म्हणायचात, “अगं, हे पुस्तकाविषयी आहे की माझ्या स्वयंपाकाविषयी?” पण लाल रेघ मारायचा नाहीत. मला ते बक्षीस वाटायचं.

त्या पावसाळ्यातलं पुस्तक धरणाखाली जाणाऱ्या गावाचं होतं. त्यातली मुलगी पाणी चढत असताना घरोघर जाऊन प्रत्येक उंबऱ्याचं माप घेते. येलदरी धरणाचं पाणी आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे ते पुस्तक आम्हाला आपल्याच भागातलं वाटलं. आजवर वाचलेल्यांत ते माझं सगळ्यात आवडतं. नंतर मी ते पुष्कळ शोधलं, मिळालं नाही, आणि मिळालं असतं तर उघडलं असतं की नाही माहीत नाही. आम्ही ते वाचत होतो त्या शनिवारी तुमच्याकडे परभणीहून दोन पाहुणे आले होते. विधानसभेत ठराव झाला होता, विद्यापीठाचं नाव बदलणार होतं, आणि गावोगाव काय चाललंय हे ते तुम्हाला हळू आवाजात सांगत होते. आम्ही वाचायचं थांबलो. तुम्ही म्हणालात, “तुम्ही वाचा गं.” मग पाहुण्यांना म्हणालात, “सोमवारी पहिल्या गाडीनं मी येते. रजा टाकलीये.” मी दोन्ही ऐकलं. घरी आल्यावर मी नेहमीसारखी वही भरली. कोणाबरोबर वाचलं? पाचजणी, बाई, आणि परभणीचे दोन पाहुणे. ते काय बोलले तेही लिहिलं. जे झालं ते गाळलं तर ते खोटं होईल, असं माझं मत होतं.

गावातलं वातावरण त्या आठवड्यात बदललं होतं, आणि आता मागे पाहिलं की मला ते एखाद्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणासारखं दिसतं. वस्तीतली माणसं दुकानाच्या ओट्यावर यायची थांबली. पिठाच्या गिरणीत बायका गप्प उभ्या राहायच्या. नदीपलीकडच्या गावाच्या बाजूला सकाळी धूर दिसला, आणि पाऊस पडत असताना एवढं काय जळतंय, असं मी आईला विचारलं तेव्हा तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. गावातल्या एका मुलीनं घरी सांगून टाकलं होतं की आम्ही सगळ्या एका परातीत जेवतो. मग रविवारी दुपारी आमच्या दारात चौघे आले. एक माझे सख्खे चुलते, बाकीचे तिघे गावातले मोठे शेतकरी, ज्यांच्या रानात आमची मेंढरं खतासाठी बसायची आणि ज्यांना आप्पा नाही म्हणू शकत नव्हते.

ते रागात नव्हते, बाई. मला हे सांगायचंय. ते हसत होते.

“कुठंय तुमची बॅरिस्टर?” असं त्यातले सगळ्यात वयस्कर म्हणाले. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो.

“अभ्यास करायलीय,” आप्पा म्हणाले, आणि त्यांनी घोंगडी अंथरली.

“आमाला बी आयकू दे की जरा अभ्यास. वही लिवती म्हनं, समदं लिवती. काय गं, लिवतीस का न्हाई?”

“लिहिते,” मी म्हणाले.

“मंग आन की. आमी काय खायलोय का तुला?”

चुलते हसून म्हणाले, “लय हुशार हाय ती, तात्या. पेपर वाचती घडाघडा. आमच्या घरान्यात असं कुनी झालं न्हाई.”

मी वही आणली. तात्यांना सही येत होती, तेवढीच. बाकीच्यांना तीही येत नव्हती. त्या घोंगडीवर बसलेल्यांत अक्षर ओळखणारी मी एकटी होते. मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. पिठल्यापाशी एकानं विचारलं, “कुनाच्या परातीत म्हनलीस?” मी ती ओळ परत वाचली. “आन मिरची कुनी काढून दिली?” तीही परत वाचली. तात्या मान डोलवत होते, गुरुजींनी डोलवावी तशी. धरणाचं पुस्तक आलं. मग पाहुणे आले. मग सोमवार आला.

“पैल्या गाडीनं?” तात्यांनी विचारलं.

“हो.”

“वा. लय सुंदर अक्षर असनार पोरीचं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि ते उठले. त्यांचा चहा आईनं ठेवला होता, तो प्यायला ते थांबले नाहीत.

सोमवारी फाट्यावर गाडी अडवून तुम्हाला खाली उतरवलं. मी तिथं नव्हते, पुढचं मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की दुपारी वस्तीतली बैलगाडी आमच्या घरावरून गेली, तीत तुम्ही बसला होतात आणि तुमचा उजवा हात तुमच्या मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला होता. तुम्ही आमच्या दाराकडे पाहिलंत. मी दाराआड होते. खोलीचं कुलूप तोडलं होतं, ट्रंक विहिरीत सापडली, आणि दोन दिवस पुस्तकं पाण्यावर येत राहिली, फुगून, एकेक करून. वस्तीतल्या माणसांनी तुम्हाला पूर्णेला पोचवलं. माझ्याकडे कोणी चौकशीला आलं नाही. तात्या वाटेत भेटले की “काय बॅरिस्टर?” असं म्हणायचे. मला उत्तर द्यावं लागायचं.

हिवाळ्यात तुमचं कार्ड आलं. डाव्या हातानं लिहिलेलं, पहिलीतल्या मुलासारखी अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या. तुम्ही विचारलं होतं, या महिन्यात काय वाचलंस? बाकी काही नव्हतं. मी त्या महिन्यात काहीच वाचलं नव्हतं, आणि खरं लिहायचं तर तेच लिहावं लागलं असतं. मी ते कार्ड गव्हाच्या कोठीमागे ठेवलं आणि उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत राहिले. पुढे डी.एड.ला परभणीत असताना वस्तीतली ती धाकटी मला बाजारात भेटली. तिनं सांगितलं, बाई जाऊन तीन वर्षं झाली, कावीळ झाली होती. मी विचारलं, “त्यांना कळलं होतं का, गाडीचं कुणी सांगितलं ते?” ती माझ्याकडे बघत राहिली. “त्यांनी कधी कुणाला विचारलंच न्हाई,” ती म्हणाली. “आमी बी न्हाई.” मग तिनं माझ्या पिशवीतलं पुस्तक बघितलं, चांगलं आहे का म्हणून विचारलं, आणि गर्दीत निघून गेली. तिला माहीत आहे की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी अजून दर महिन्याला वही आखते. पुस्तकाचं नाव लिहिते, आवडलं का ते लिहिते. कुठे आणि कोणाबरोबर हे दोन रकाने मात्र कोरे सोडते. शाळेत मुलांकडून वही लिहून घेते, पण ते दोन रकाने त्यांना आखायला सांगत नाही. हे पत्र त्या कोऱ्या जागेतच लिहिलंय, चार महिन्यांच्या पानांवर, म्हणून ओळी अशा अरुंद झाल्यात. फाडून पाठवता येणार नाही, आणि पाठवायचं कुठे.

मी ही गोष्ट दोघांना सांगितली आहे, एकदा आईला आणि एकदा माझ्या नवऱ्याला. दोन्ही वेळा मी म्हणाले की मी लहान होते, चौघे मोठे पुरुष समोर बसले होते, मी घाबरले आणि वाचलं. दोघांनाही ते पटलं. बाई, मी घाबरले नव्हते. आमच्या दारात माझं ऐकायला तोवर कोणी बसलं नव्हतं, आणि ते चौघे श्वास रोखून ऐकत होते. मी स्वल्पविरामाला थांबत होते. आप्पांना वाचता येत नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. वाचता वाचता पाहुणे आले तिथं त्यांनी वहीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बास झालं आता. पावसानं उघडीप दिलीय, मेंढरं सोडायचीत. ऊठ.” मी त्यांचा हात बाजूला केला. “थांब की आप्पा,” मी म्हणाले, “अजून एक पान राह्यलंय.”