दवाखान्यातली भाषणं

प्रिय ताई,

रविवारी फोनवर एवढं बोलणं झालं आणि वर हे जाड पाकीट आलेलं पाहून तू कपाळाला हात लावणार, हे मला इथून दिसतंय. "हिला फोन पुरत नाही, आता पोस्टमनच्या पाठीलाही ओझं," असं तू भावजींना म्हणशील आणि ते चष्मा शोधायला लागतील. त्यांना शोधू दे, पण पत्र त्यांच्या हातात देऊ नकोस. ते माझी पत्रं मोठ्याने वाचतात, हात उंचावून, मध्ये मध्ये "बंधूंनो आणि भगिनींनो" अशी पदरची भर घालून, आणि तू हसत हसत सुईत दोरा ओवतेस. एरवी मला ते आवडतं. हे मात्र तू एकटीने वाच. मशीनवरचं काम बाजूला ठेव, आणि कुणी ब्लाउज न्यायला आलंच तर उद्या ये म्हणून सांग.

फोनवर सांगितलं ते सगळं खरं आहे. धुलाई कारखान्यातल्या वाफेच्या खोलीत उभ्या राहणाऱ्या बायकांना मधली सुट्टी मिळाली, ती मालकाने लेखी मान्य केली, आणि त्याआधी गेटवर जी सभा झाली तिथे मीच बोलले. मी निवृत्त झाले तरी संघटनेचे अध्यक्ष अजून मलाच बोलावतात. म्हणतात, "बाई, तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी गेट किलकिलं होतं." मी विचारलं, इस्पितळातल्या रोग्याच्या पाठीखाली स्वच्छ चादर हवी, हॉटेलातल्या पाहुण्याला उशीवर सुरकुती चालत नाही, मग ती सुरकुती काढणाऱ्या बाईच्या हातावर फोड कसे चालतात? टाळ्या थांबेनात. इथपर्यंत तुला सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही. ते शब्द तोंडातून निघत होते तेव्हा मी कारखान्याच्या भिंतीवर चढलेली ओल बघत होते. आवाज माझा होता आणि मी कुठेच नव्हते. लोकांनी हार घातला, रिक्षात बसवून दिलं, मी घरी आले, दार लावलं आणि चपला काढायच्या स्टुलावर बसले. चपला काढल्या नाहीत. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नाही. समोरच्या भिंतीवरचं ऊन सरकत सरकत दाराच्या चौकटीपर्यंत गेलं आणि विझलं, आणि मी तिथेच होते. उठून पाणी प्यावं एवढा एक ठराव माझ्याकडून मंजूर होईना.

ताई, हे घर लहान आहे हे तुला माहीत आहे. एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि मागच्या अंगणाकडे उघडणारी खिडकी. त्या अंगणात वरच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत असतात आणि त्यांची हालचाल हीच दिवसभरात माझ्या घरात होणारी हालचाल. भिंतभर पुस्तकं आहेत. माझं लग्न चळवळीशी लागलं आणि पुस्तकं आहेरात आली, असं तू म्हणायचीस. आता मी पुस्तक उघडते, एक पान वाचते, उलटते, आणि पुन्हा मागे येते, कारण काहीच आत गेलेलं नसतं. वर्तमानपत्र घडीसकट रद्दीत जातं. अन्याय वाचून जिचं रक्त उसळायचं तिला आता मथळा वाचून झोप येते, आणि आडवी झाले की तीही येत नाही. सगळ्यात हसू येईल अशी गोष्ट चादरीची आहे. कारखान्यात मी आणि माझी जोडीदारीण, आमची उंचाडी, समोरासमोर उभं राहून चादरी घडी करायचो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या, चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं द्यायची, पुन्हा मागे जायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. आता घरातली एक चादर मला एकटीला घडी करता येत नाही. हनुवटीखाली धरते, खालचं टोक जमिनीवर लोळतं, मग मी ती तशीच खुर्चीवर टाकते. पलंगावरची चादर कधी बदलली ते मला आठवत नाही. मला, ताई. जिने आयुष्यभर जगाच्या चादरी धुतल्या तिला.

मी गोळ्या घेते आणि आता बरं आहे, एवढंच तुला ठाऊक आहे. बरं नाही. पहिल्या डॉक्टरांनी पहिली गोळी दिली तिने तोंड असं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची. भाषण करणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा कोणती? दुसरीने झोप उडवली. तिसरीने काही बिघडवलं नाही आणि काही सुधारलंही नाही, फक्त साड्यांचे ब्लाउज घट्ट झाले, आणि ते तूच उसवून दिलेस. "घरी बसून सुखावलीस" असं म्हणालीस, आणि मी हसले. मध्येच एका समुपदेशक बाईंकडेही जात होते. बिचारी मला बालपणाबद्दल विचारायची आणि मी तिला कामाच्या तासांचा इतिहास सांगून यायचे. शेवटी शेवटी तीच वहीत लिहून घ्यायला लागली. एवढं सगळं झाल्यावर पहिल्या डॉक्टरांनी मला पुढे दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं, आणि जाताना म्हणाले, "तुम्ही उपचारांना प्रतिसाद दिला नाहीत." मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. म्हटलं, डॉक्टर, चादर स्वच्छ निघाली नाही तर आम्ही म्हणत नाही की चादरीने साबणाला प्रतिसाद दिला नाही. आम्ही साबण बदलतो, पाणी तपासतो, यंत्र उघडतो. हरलं असेल तर तुमचं औषध हरलं, मी नाही. ते चपापले आणि म्हणाले, "वा." अगदी मनापासून म्हणाले. हे वाक्य मी आजही मागे घेणार नाही. औषध लागू पडलं नाही याची लाज आजाऱ्याने का वाहायची? लोक म्हणतात मन घट्ट कर. मन काय पोत्याचं तोंड आहे, दोरी ओढली की घट्ट?

नव्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण आहे, तुझ्या थोरलीच्या वयाची. तिने आधी रक्त तपासायला लावलं, गळ्यातल्या ग्रंथीचं वगैरे काही नाही ना ते बघितलं, मग समोर बसवून अजून किती वाटा शिल्लक आहेत ते सांगितलं. चालू गोळीचा डोस पुरेसा वाढवून पाहता येईल. तिच्या जोडीला दुसरं औषध देता येईल, पण त्यासाठी वरचेवर रक्त द्यावं लागेल. बोलण्याचे उपचार निराळ्या पद्धतीने पुन्हा सुरू करता येतील. डोक्याला चुंबकाची गुंडाळी लावून करायचे उपचार असतात, त्यासाठी काही आठवडे जवळजवळ रोज यावं लागतं. आणि विजेचे उपचार असतात. ती म्हणाली, भूल देऊन करतात, दुखत नाही, आणि जिथे बाकी सगळं थकतं तिथे त्याने पुष्कळांना उठवून बसवलंय. विस्मरण होतं का, असं मी विचारलं. तिने लपवलं नाही. त्या काळातलं काही काही पुसलं जातं, म्हणाली, बहुतेकांचं बरंचसं परत येतं, सगळ्यांचं सगळंच येईल असं वचन देत नाही. ताई, माझ्याकडे स्वतःचं घर नाही, शेत नाही, मूल नाही. माझ्याकडे शब्द आहेत. ते गहाण ठेवून काय सोडवून आणायचं, हे मला ठरवायचं आहे.

मग तिने विचारलं, तुम्हाला कसं वाटतं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगितलं. बसमध्येच तीन मुद्दे तयार केले होते. निराशा ही एकट्या माणसाची नसते इथून सुरुवात केली, थकलेल्या पिढीवर आले, आणि शेवट आशेवर केला, कारण शेवट आशेवरच करायचा असतो. इस्त्रीची साडी नेसले होते. बोलून झाल्यावर पहिले डॉक्टर जसे मान डोलवायचे तशी ही डोलवेल म्हणून मी थांबले. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "छान बोललात, आजी. आता सांगा, आज दात घासलेत का?"

घासले नव्हते. आज नाही, काल नाही, परवाही नाही. पदर तोंडावर धरून मी त्या खुर्चीत बसून राहिले. मालकांनी, पोलिसांनी, कोर्टात वकिलांनी जिला गप्प करायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, तिला त्या पोरीने दात विचारून गप्प केलं. तेव्हा मला कळलं की गेली दोन वर्षं मी दवाखान्यात आजार घेऊन गेलेच नव्हते. मी भाषण घेऊन गेले होते. पहिले डॉक्टर माझं भाषण तपासायचे, त्याची तब्येत उत्तम असायची, आणि डोस आहे तोच राहायचा. तोंड कोरडं पडतं हेसुद्धा मी त्यांना विनोद करून सांगितलं होतं. आता गोळी खरंच हरली की माझ्या जिभेनेच तिला उभं राहू दिलं नाही, हे कुणालाच कळायला मार्ग नाही. कदाचित दोन्ही असेल. रडणारा रडतो, गप्प बसणारा गप्प बसतो, डॉक्टर निदान काहीतरी बघतो. मी मात्र बुडत होते आणि काठावरच्या लोकांना पोहण्याचं महत्त्व समजावून सांगत होते.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी पुढचं ठरवायचं आहे. डॉक्टरीणबाईंनी एक अट घातली. म्हणाल्या, तुमच्या घरात वावरलेलं, तुम्हाला ओळखणारं एक माणूस घेऊन या. पहिला अर्धा तास ते बोलेल. तुम्ही बोलायचं नाही. मी हसून म्हटलं, याला मुस्कटदाबी म्हणतात. त्या हसल्या नाहीत. मग मी घरी येऊन माणसं आठवायला बसले. अध्यक्षांना नेलं तर ते माझा गौरव करतील. उंचाडी आली असती, पण ती आता लेकाकडे परमुलखात आहे आणि तिला माझं हे काहीच माहीत नाही. शेजारचे मला पाहून हात जोडतात. या शहरात माझा आवाज ओळखणारी माणसं शेकड्यांनी असतील, आणि विंचरल्याशिवाय मला पाहिलेलं त्यात एकही नाही. मीच पाहू दिलं नाही. मग तू आठवलीस. लहानपणी मी तुझ्या मशीनपुढे उभी राहून भाषणं घोकायचे. तू मान वर करायची नाहीस, पायडल मारत राहायचीस. पण जे वाक्य मी मनापासून बोललेलं असायचं तिथे तुझा पाय आपोआप थांबायचा, आणि नुसत्या पल्लेदार वाक्यांना मशीन खडखडत राहायचं. तुला ते कळायचंही नाही. मी मात्र त्यावरूनच भाषण कापायचे. सभेने कितीही टाळ्या दिल्या तरी तेवढी पारख मला पुन्हा कुणी केली नाही.

आता एक सांगायचं राहिलंय आणि ते सजवायचं नाही असं ठरवून लिहिते. सकाळी डोळे उघडतात तेव्हा पहिला विचार येतो की उघडले नसते तर बरं झालं असतं. मी जिवाचं काही करायला निघालेली नाही, तसा बेतही नाही, हे खरं आहे. पण तो विचार रोज येतो, आणि हल्ली मी त्याला हाकलत नाही, बस म्हणते. डॉक्टरीणबाईंनी हे सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, "अहो, माझ्या मरणाने मालकांचं फावेल, तेव्हा तूर्त नाही." चांगलं वाक्य होतं. खोटं होतं.

म्हणून लिहिते आहे, ताई. गुरुवारी माझ्यावतीने तू बोल. त्याआधी सोमवारीच ये, भावजींना चार दिवस स्वतःचा चहा स्वतः करू दे. मी घर आवरणार नाही, चादर बदलणार नाही, केस विंचरणार नाही. तू बघ, आणि जे बघशील ते तसंच त्या पोरीला सांग. सकाळच्या विचाराचं मी वर लिहिलंय तेही सांग, मी कोपराने ढोसलं तरी सांग. मग गोळी, चुंबक की वीज, ते आपण तिघी मिळून ठरवू. विजेचं ठरलं आणि त्यात काही आठवणी गेल्याच, तर माझ्या जवळ बसून त्या मला सांगणारं कुणीतरी हवं, आणि त्याही तुझ्याजवळच आहेत. ही बातमी मला फोनवर देता आली असती, पण फोन उचलला की मी आपोआप ठणठणीत होते. पत्र मिळाल्यावर मला फोन करू नकोस. मी तुला पटवून देईन की यायची काही गरज नाही, आणि मी ते फार चांगलं पटवून देते. नुसती ये.

तुझीच, पदर तोंडावर धरून बसलेली,
धाकटी