अकरा किलोमीटर चाललेल्या गाडीचा रंग

३ फेब्रुवारी, सायंकाळी ७
आज गाडी घरी आली. रंग गडद निळा. शोरूमपासून घरापर्यंत अकरा किलोमीटर ती दादाने चालवली. परवाना माझ्याकडेही आहे; परंतु नव्या गाडीचा पहिला प्रवास मालकाने शेजारी बसून, निरीक्षणपूर्वक करावा, असे माझे मत आहे. (मत शोरूमच्या पायरीवर तयार झाले.)

गाडी घेण्याचे कारण नोंदवून ठेवते. एक मार्चपासून वाचनालयाच्या नव्या शाखेची प्रमुख मी. तेथे सहा हजार पुस्तके पोत्यांत भरून पडली आहेत आणि त्यांची नोंद करणारे अद्याप कोणी नाही. हे वाक्य मी आनंदाने दोनदा लिहून पाहिले. अंतर बावीस किलोमीटर. कुलूप नऊला उघडायचे. पहिली बस पोहोचते पावणेअकराला. ग्रंथपाल मॅडमनी विचारले होते, गाडी चालवता येते ना. मी मान हलवली. परवान्याच्या लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते, हे संकोचामुळे सांगायचे राहिले.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सहाला सराव.

४ फेब्रुवारी, सकाळी ६.०५
सराव स्थगित. कारण सबळ आहे. नव्या गाडीचा रंग सुरुवातीला फार जपावा लागतो, असे एका लेखात वाचले. असा उघडा रंग घेऊन रस्त्यावर उतरणे म्हणजे पुस्तकांना कव्हर न घालता शाळेत जाणे. तेव्हा आधी रंगाला संरक्षक थर, मग सराव. थर लावायला सोपा हवा आणि टिकायला चिवट. दोन दिवसांचे काम.

९ फेब्रुवारी
शंभर पानी वही भरत आली. पर्याय तीन: मेण, सीलंटचा स्प्रे, सिरॅमिक कोटिंग. मेणाची चकाकी उत्तम, पण दोन महिन्यांत उतरते. सिरॅमिक वर्षानुवर्षे टिकते. मात्र लावताना हात चुकला तर चूकही वर्षानुवर्षे टिकते. स्प्रे मारायचा, पुसायचा, सहा महिने निश्चिंती. सुलभता, टिकाऊपणा आणि चकाकी अशा तीन विषयांत प्रत्येकी शंभरपैकी गुण दिले. तिघांचीही बेरीज सारखीच, दोनशे चौदा. फेरतपासणी करावी लागेल.

दादा म्हणाला, चावी दे, एक चक्कर मारून आणतो, नाहीतर बॅटरी उतरेल. मी नकार दिला. त्यावर त्याने विचारले की मी गाडी घेतली आहे की पीएचडीचा विषय. दादा कुरिअरच्या गोदामात आहे. दिवसभर खोकी फेकणाऱ्या माणसाकडून पृष्ठभागाविषयी आदराची अपेक्षा ठेवू नये.

११ फेब्रुवारी
स्प्रेला सुलभतेत दोन वाढीव गुण देऊन प्रथम क्रमांक जाहीर केला. लगेच गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. स्प्रे मागण्याचे वाक्य घरूनच पाठ केले होते. माझ्या आधी चार गिऱ्हाइके. पाळी आल्यावर वाक्य पूर्ण आणि, माझ्या मते, स्पष्ट आवाजात म्हटले. दुकानदाराने आरशाला लटकवायची लिंबाच्या वासाची बाटली हातात दिली. भर दुकानात त्याची चूक दाखवणे प्रशस्त वाटले नाही. वास बरा आहे.

१३ फेब्रुवारी
पुन्हा दुकान. या वेळी स्टिअरिंगचे कव्हर मिळाले. आपल्या गाडीच्या मापाचे नाही. दुकानदार आता मला ओळखू लागला आहे. म्हणजे प्रगती आहे.

आईने विचारले, शाखेत जायला पंधरवडा उरला, गाडी काढणार कधी. मी तिला सांगितले की प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. आई रुग्णालयात परिचारिका आहे. एकवीस वर्षे लोकांना सुया टोचल्यामुळे घाबरलेला माणूस आपल्याला दारातूनच ओळखू येतो, असा तिचा समज झाला आहे. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मी वही उघडली.

१६ फेब्रुवारी
गाडीवर धूळ साचली. आच्छादन घातलेले नाही, कारण वाऱ्याने कापड घासून रंगावर बारीक रेघा उठतात (वही, पान ६२). आज मागच्या काचेवर कोणीतरी बोटाने लिहिले होते: कधी. अक्षर दादाचे. धूळ बोटाने ओढणे किती घातक असते, याविषयी त्याला चार ओळींचे टिपण लिहून दिले. त्याने त्यावर डबा ठेवला.

१८ फेब्रुवारी
विजय. वाचनालयात पुस्तक मागण्यासाठी वाचक जशी चिठ्ठी देतात, तशी चिठ्ठी लिहून दुकानदारापुढे सरकवली. त्याने ती मोठ्याने वाचली, सर्व गिऱ्हाइकांसमोर. मग म्हणाला, हेच आधी सांगायचं की, मी म्हटलं ताई रोज येतात आणि काय कुजबुजतात. स्प्रे आणि पुसायला मऊ फडके मिळाले. लावा आणि पुसा, म्हणाला, त्याला अभ्यास कशाला. मी मंद हसले. अभ्यास नसता तर मी स्प्रेपर्यंत पोहोचले असते का?

२१ फेब्रुवारी, रविवार
थर लावण्यास आदर्श परिस्थिती: सावली, थंड पत्रा, वारा नाही. तिन्ही गोष्टी सकाळी ७.१० ते ७.३५ या वेळेत एकत्र आल्या. गाडी धुण्यातच ७.३२ झाले. उरलेल्या तीन मिनिटांत बॉनेटचा डावा अर्धा भाग पूर्ण केला.

दुपारी चाचणी. बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतले. डावीकडे पाण्याचे टपोरे गोल मणी झाले आणि घरंगळून गेले. उजवीकडेही तसेच मणी झाले, जेथे काहीच लावलेले नव्हते. याचा अर्थ संरक्षण आपोआप पसरते. कोणत्याही लेखात हा उल्लेख नाही. पान ९४ वर स्वतंत्र नोंद केली.

२३ फेब्रुवारी
ग्रंथपाल मॅडमचा निरोप: शाखेच्या आवारात गाडी लावायच्या परवानगीसाठी गाडीच्या कागदपत्रांच्या प्रती द्या. कागदपत्रे डॅशबोर्डच्या खणात. गाडी घरी आली त्या दिवसानंतर मी तिच्यात बसलेली नसल्याने खण उघडण्याचा प्रसंग आला नव्हता. आई खाली जाऊन फाइल घेऊन आली आणि दारातच चष्मा लावून वाचत उभी राहिली.

"अगं, हे बघ काय लिहिलंय. रंगावर संरक्षक कोटिंग करून दिले आहे. हमी तीन वर्षे."

दादा जेवता जेवता म्हणाला, "मला वाटलं तुला माहितीये. खाली सही तुझीच आहे की."

सही माझीच आहे. अक्षर सुवाच्य आहे. त्या दिवशी शोरूममध्ये एका जाड पुस्तिकेवर सही घेतली होती खरी. परंतु परतताना दादालाच गाडी चालवायला कोणत्या शब्दांत सांगावे, याची जुळवाजुळव तेव्हा मनात चालू होती. मी आयुष्यात न वाचता सही केलेला हा एकमेव मजकूर.

दादा हसत सुटला. आई हसली नाही. तिने फाइल मिटून टेबलावर ठेवली.

"तुला गाडीला ओरखडा पडायची भीती नाहीये गं. तुला ती चालवायची भीती वाटते. तसं सांग ना सरळ. घाबरलेल्या माणसाला उपाय असतो, अभ्यास करणाऱ्याला नसतो."

मी म्हटले की तसे काही नाही.

"मग उद्या मॅडमना फोन कर आणि सांग, जमणार नाही. ती पोती दुसरं कुणीतरी सोडेल."

आईचे पहिले विधान अपुऱ्या पुराव्यावर आधारलेले आहे. दुसऱ्या विधानानंतर मात्र मला जेवण गेले नाही.

२४ फेब्रुवारी
मॅडमना फोनवर काय सांगायचे ते लिहून काढले. मसुदा चांगला उतरला. तीन परिच्छेद, भाषा नम्र, कारणे सयुक्तिक. 'माझ्याऐवजी अन्य सुयोग्य व्यक्तीने' या शब्दांपर्यंत आले. ती सुयोग्य व्यक्ती पोत्याची सुतळी सोडते आहे, असे डोळ्यांपुढे आले. तिने पुस्तके आकारमानाने लावली. मसुदा फाडला.

संध्याकाळी आईला सहज विचारले, उद्या सकाळी ड्यूटी आहे का. नाही म्हणाली.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७
गाडी फाटकाबाहेर. कोपऱ्यापर्यंत. इंजिन सात वेळा बंद पडले. दर वेळी शेजारी बसलेली आई नुसती "हं" म्हणे, जणू मला ठसका लागला आहे. गाडी मागे घेणे हा स्वतंत्र विषय असल्याने दादाला बोलावले. तो तोंडात ब्रश घेऊनच आला. एकूण अंतर तीनशे मीटर. सराव समाधानकारक.

२७ फेब्रुवारी
इंजिन तीनदाच बंद पडले. सत्तावन्न टक्के सुधारणा. दुसरा गियर टाकला. दादा म्हणाला, अजून तीन आहेत. माणसाने एका वेळी एकाच इयत्तेचा विचार करावा.

१ मार्च, सायंकाळी ७.३०
आईने रजा घेतली. सकाळी ७.१० ला निघालो, ८.५२ ला पोहोचलो. संपूर्ण प्रवास दुसऱ्या गियरमध्ये. एक दुधाची गाडी आम्हाला तीन वेळा ओलांडून गेली. मधल्या वेळात ती घरोघरी दूध टाकत होती. तिसऱ्या वेळी दूधवाल्याने हात केला. मी स्टिअरिंगवरून बोट उचलले. एकच.

शाखेचे फाटक अरुंद आहे. आत ग्रंथपाल मॅडम किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या होत्या. नमस्कार गाडीतून करावा की उतरून, या विचारात असताना डावीकडचा खांब माझ्या अंदाजापेक्षा जवळ निघाला. आवाज लांबलचक झाला. गाडी खांबाला अशी चिकटली की आईला तिच्या बाजूचे दार उघडेना. ती माझ्या बाजूने, साडी सावरत, बाहेर आली. दोन्ही दारांवर मिळून एक्केचाळीस सेंटिमीटरचा ओरखडा. थर, रंग, सगळे गेले. खाली पत्रा चमकत होता.

आईने जवळ जाऊन चष्म्यातून नीट पाहिले. जखम पाहावी तसे.

"चला," म्हणाली, "एक काळजी मिटली."

मॅडम घड्याळ पाहून म्हणाल्या, नऊच्या आत आलात हे महत्त्वाचे, आणि किल्ल्या माझ्या हातात दिल्या. दुपारपर्यंत चार पोती सोडली. परतताना तिसरा गियर टाकला. तोही दुसऱ्यासारखाच असतो, फक्त आवाज कमी करतो.

घरी आल्याबरोबर सर्व्हिस सेंटरला फोन केला. वाक्य पाठ करायला वेळच मिळाला नव्हता, तरी बोलले. हमीला अजून तीन वर्षे आहेत, तेव्हा दारांवरचा थर पुन्हा करून द्या, असे ठणकावले. तिकडच्या माणसाने ओरखडा कसा पडला ते विचारले. सांगितले.

"मॅडम," तो म्हणाला, "चालकाच्या चुकीने पडलेला ओरखडा हमीत बसत नाही."

नीट ऐकू आले नाही असे सांगून मी ते वाक्य 'चालकाच्या'पासून त्याला पुन्हा म्हणायला लावले.